अंबोसेलीत आधी पाणी बघा

मंडळी, आफ्रिकेहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘बिग फाइव्ह’ झाले का? सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप म्हैस. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकारीला गेलं तर कोण जिवावर उठतं, त्यावरून ठरलेली. केनियानं १९७७ साली हौशी शिकारीवर बंदी घातली. बंदुका गेल्या, यादी मात्र पर्यटकांच्या गळ्यात पडली. केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाला निघालात तर ती घरीच ठेवा, कारण तिथे गेंडा उरलेलाच नाही. चोरट्या शिकारीनं तो कधीच संपवला.

उद्यान तसं लहान, ३९२ चौरस किलोमीटरचं. नकाशावर ‘अंबोसेली सरोवर’ दिसतं, पण वर्षातले बहुतेक महिने ते म्हणजे पांढुरकं, कोरडं तळ. वर्षाचा पाऊस साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. धूळ इतकी बारीक की बॅगेची चेन लावलेली असली तरी कॅमेऱ्यापर्यंत पोचते. आणि या रखरखाटात मधोमध पाणघोडे डुंबताहेत! हे पाणी आलं कुठून?

समोर किलीमांजारो उभा असतो, ५,८९५ मीटर उंच. डोंगर टांझानियात, उद्यान केनियात. शिखरावरचं बर्फ वितळून पाणी येतं, असं पुष्कळ जण सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण मोठा वाटा आहे उतारावरच्या जंगलात पडणाऱ्या पावसाचा. तो सच्छिद्र ज्वालामुखी खडकात मुरतो आणि सीमा ओलांडून अंबोसेलीत झऱ्यांच्या रूपानं वर येतो. एन्कोंगो नारोक, लोंगिन्ये या दलदली त्यातूनच झाल्या. म्हणजे तिकडचं जंगल तुटलं, तर इकडच्या हत्तीच्या तोंडचं पाणी पळणार.

तेव्हा सकाळी सिंहामागे धावू नका. रेडिओवर कुणीतरी ‘सिंबा’ म्हणतं आणि पंधरा गाड्या एका झुडपाभोवती गोळा होतात. होऊ देत. तुम्ही ड्रायव्हरला दलदलीच्या कडेला इंजिन बंद करायला सांगा. हत्तींची कुटुंबं ओळीनं येतात, सगळ्यांत वयस्कर मादीच्या मागोमाग. एखादी पोटापर्यंत पाण्यात उतरते, सोंडेनं लव्हाळ्याचा झुबका उपटते, दोन-तीनदा पाण्यावर आपटून चिखल झटकते आणि मगच तोंडात घालते. बाहेर आली की अंगावर सरळ रेघ दिसते, खाली काळंभोर ओलं, वर राखाडी कोरडं. पायांशी गायबगळे, अगदी आपल्याकडे म्हशींच्या मागे असतात तसेच.

हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून इथल्या हत्तींची वंशावळ लिहायला घेतली. ओळख पटते कानांवरून. कडेच्या चिरा, भोकं, शिरांची जाळी, सगळं टिपून ठेवलेलं. ‘एको’ नावाच्या मादीनं कित्येक वर्षं आपलं कुटुंब सांभाळलं आणि २००९ च्या भीषण दुष्काळात ती गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर मला फार आवडतो. ‘ते बघा, हत्तींचा कळप येतोय’ एवढंच वाक्य इथल्या गुरं राखणाऱ्या मसाई आणि शेती करणाऱ्या कांबा जमातीच्या माणसांच्या आवाजात रेकॉर्ड करून हत्तींना ऐकवलं. मसाई पुरुषांचा आवाज आला की हत्ती एकमेकांना चिकटून मागे सरत. कारण भाले त्यांच्याच हातात असतात. मसाई बायकांच्या, मुलांच्या आवाजाला ते एवढे बिचकत नव्हते.

गंमत म्हणजे याच मसाईंच्या जमिनीवर या हत्तींचा संसार चालतो. दलदलीतून ते संध्याकाळी उद्यानाबाहेर पडतात आणि बाहेरची जमीन आहे मसाईंच्या चराईची. पूर्वी ती सामाईक होती, आता तिचे तुकडे पडून नावावर होताहेत. ज्याचा तुकडा, त्याचं कुंपण. किमानाच्या बाजूला, हत्तींच्या वाटेवर एवोकॅडोची मोठी बाग आली, तेव्हा २०२० मध्ये चांगलाच वाद पेटला. पण मला मसाई शेतकऱ्याला दोष देववत नाही. गुरांना चारा नाही, पोरांच्या शाळेची फी आहे आणि हत्तीच्या वाटेचं भाडं कुणी देत नसेल, तर त्यानं जमीन मोकळी का ठेवावी?

काही ठिकाणी हे भाडं मिळतं. जमीनमालक एकत्र येऊन राखीव कुरणं करतात, तिथले तंबूवाले त्यांना भाडेपट्ट्याचे पैसे देतात. टूरवाल्याकडे बुकिंग करताना विचारा, मुक्काम अशा कुरणात मिळेल का आणि जमिनीच्या मालकाला काय पोचतं. त्याला उत्तर येत नसेल, तर दुसरा टूरवाला शोधा.