ओझं कुठे ठेवायचं

[दृश्य: कोपरखैरणे, माथाडी कामगारांच्या वसाहतीतलं बैठं घर. पावसाळी सकाळ. खिडकीशी टेबल.]

या घरातल्या आबांनी वाशीच्या दाणा बाजारात उभी हयात 50 किलोच्या गोण्या वाहिल्या. त्यांची लेक भाषांतरं करते, सबटायटल्स लिहिते. तिच्या लॅपटॉपचं वजन जेमतेम दीड किलो. पण मान आधी धरली ती तिची.

आबांनी तिला काम करताना बाजूने पाहिलं आणि म्हणाले, "वझं अंगापासनं लांब गेलं की माणूस मोडतंय. तुझं तर डोस्कंच लांब गेलंय, पोरी."

खरंच आहे. डोकं असतं साधारण पाच किलोचं. ते सरळ मणक्यावर असेल तर जाणवतही नाही. पुढे झुकलं की मानेचे स्नायू ते दिवसभर ओढून धरतात. खोट लॅपटॉपच्या घडणीतच आहे: पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणला की हात वर जातात, हात खाली ठेवले की मान खाली जाते.

[दृश्य: लॅपटॉपखाली एकावर एक दोन लाकडी पाट.]

स्टँड विकत मिळतो. इथे जेवणाचे पाट आहेत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत, पडदा हातभर लांब. यानंतर मान सुटली आणि आठवड्यात खांदे दुखायला लागले, कारण टायपिंग अजून लॅपटॉपवरच चाललं होतं. नुसता स्टँड घेणारे बहुतेक जण इथेच फसतात. वेगळा कीबोर्ड आणि माउस त्याच दिवशी घ्यायला हवेत.

[दृश्य: बोटं जवळून. कळांवर देवनागरी स्टिकर.]

ती इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांच्या ठरावीक कळरचनेत, टाइप करते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'काका' लिहून बघा: उजवा, डावा, उजवा, डावा. काम दोन्ही हातांत वाटलं जातं. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणं शिकायला सोपं, हे कबूल. पण रोज हजारो शब्द लिहिणाऱ्याने पंधरा दिवस चरफडत का होईना, इनस्क्रिप्ट शिकावं, असं आमचं मत. स्टिकर महिनाभरात निघाले तरी चालतं. तोवर बोटांना जागा ठाऊक झालेल्या असतात.

खुर्ची सेकंडहँड आहे, उंची कमीजास्त होणारी. ती टेबलाला जुळवली तर पाय लोंबकळायला लागले. म्हणून खाली दोन विटा, गोणपाटात गुंडाळलेल्या. गोणपाट कुठून आलं, हे सांगायला नको.

[दृश्य: कोपऱ्यात राउटर, शेजारी छोटी पेटी.]

वाय-फाय भिंतीपलीकडे अडखळायचं, तिथे लॅनची केबल ओढली. आणि ही पेटी म्हणजे राउटरचा छोटा यूपीएस, लाइट गेल्यावर त्याला चालू ठेवणारी बॅटरी. लाइट गेली तरी लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो. आधी मरतो तो राउटर, आणि फाइल अपलोड होताना अर्ध्यात लटकते. घेताना एकच बघायचं: राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट, बहुधा 12, पेटीवरच्या आकड्याशी जुळले पाहिजेत, आणि पेटीचे अँपिअर निदान तेवढे तरी असावेत.

[दृश्य: बाहेर सर वाढते. पंखा मंदावतो, थांबतो. कळांचा आवाज चालूच.]

आबा आतून विचारतात, "लाइट गेली का गं?"

"हो आबा. मघाशीच."