एस्किओ: घर एकाचं, बाकीच्यांनी वाट धरायची

स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा मुलुख आहे, त्यातला गिपुस्कोआ हा प्रांत, आणि त्याच्या डोंगराळ भागात, गोइएरीत, हे एस्किओ. हजारभरसुद्धा वस्ती नाही. आणि गाव म्हटलं की आपण वेस, पार, दाटीवाटीची घरं शोधायला लागतो, तर इथं तसलं काही सापडत नाही. टेकडीवर चर्च, त्याच्या आसपास थोडी घरं आणि बाकी गाव उतारावर विखुरलेलं, एक घर इकडे, पुढचं पार ओढ्याच्या पलीकडे. पाऊस वर्षभर येऊनजाऊन असतो, म्हणून एवढं हिरवं दिसतंय, एडिटिंगमध्ये कलर वाढवलेला नाही हां.

असं आपल्या जमिनीच्या मधोमध एकटं उभं असलेलं शेतघर म्हणजे बासेरी. खाली गोठा, माणसं त्याच्याच शेजारी, वर माळा. बऱ्याच घरांत स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये फक्त एक लाकडी भिंत, तिला खिडक्या, गाय मान आत घालून चारा खाणार आणि तिच्या अंगाची ऊब घरातल्यांना. थंडीत दुसरं करणार काय.

आता स्क्रीनवर जे घर आहे ते इगार्तुबेइती. सोळाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचं. बाहेरून बघितलं तर जाडजूड लाकडी वासे आणि मोठं छप्पर, एवढंच. खरी गंमत वरच्या मजल्यावर आहे. तिथं साधारण दहा मीटर लांबीची एक अजस्र तुळई आडवी पडलीये आणि तो आहे सफरचंदाचा घाणा. म्हणजे घरात घाणा बसवला असं नाही, घाण्याभोवती घर बांधलंय. तुळईचं एक टोक घराच्या खांबांमध्ये अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला लाकडी मळसूत्र आणि त्याच्या खाली एक भलामोठा दगड. ठेचलेल्या सफरचंदांचा ढीग फळ्यांवर रचायचा, मळसूत्र फिरवत जायचं, दगड जमिनीवरून उचलला गेला की त्याचं सगळं वजन तुळईवर, तुळईचं ढिगावर, आणि रस खाली टाकीत. तुळई वर उसळू नये म्हणून ते खांब आहेत आणि खांब हलू नयेत म्हणून डोक्यावर अख्खं घर आहे! ज्या सुताराने हे डोक्यात आणलं तो आज इंजिनियर म्हणून बसला असता.

एवढा खटाटोप सायडरसाठी, म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस, किंचित आंबट, हलकी नशा. शेतकरी पाण्यासारखा प्यायचाच, पण गिऱ्हाईक दर्यावर होतं. त्याच शतकात बास्क खलाशी व्हेल मारायला थेट कॅनडाच्या लॅब्राडॉर किनाऱ्यापर्यंत जायचे, महिनोन्महिने, आणि पिंपातलं पाणी खराब व्हायचं पण सायडर टिकायचं. १५६५ मध्ये तिकडे रेड बे मध्ये बुडालेलं एक बास्क जहाज १९७८ ला सापडलं, त्याचं नाव सान हुआन असं मानतात. तर डोंगरातल्या गोइएरीचा समुद्राशी काय संबंध असं वाटत असेल तर संबंध हा. जहाजांना लागणारा ओक डोंगरातला, सायडर डोंगरातलं.

सफरचंदं ठेचायचं काम वेगळंच. तीनचार जण समोरासमोर उभे राहून लांब लाकडी मोगऱ्या आळीपाळीने आपटणार, लय चुकली तर शेजाऱ्याच्या मोगरीवर आपटणार, म्हणून ताल धरणं भाग होतं. आत्ता पाठीमागे जो आवाज ऐकू येतोय तो त्याच घराण्यातला, चालापार्ता, फळीवर जाड दांडके उभे आपटून वाजवायचं वाद्य, दोघांनी मिळून. सायडरच्या कामाशी जोडलेलं हे वाजवणं १९६० च्या दशकात अगदी मोजक्या जोड्यांपुरतं उरलं होतं, नंतर तरुण पोरांनी उचललं आणि आता स्टेजवर, फेस्टिव्हलला, सगळीकडे आहे.

पुढे अमेरिकेतून मका आला, तो डोंगरउतारावर छान यायचा, वाळवायला-साठवायला जागा लागायला लागली, आणि सतराव्या शतकात इगार्तुबेइती पण वाढवलं गेलं. घाण्याचं महत्त्व हळूहळू कमी झालं. पण या घरात माणसं विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत राहिली, मग प्रांतिक सरकारने घर घेतलं, डागडुजी केली आणि २००१ पासून ते म्युझियम आहे. दर शरद ऋतूत खरोखर सफरचंदं आणून घाणा चालवतात. नुसती काचेत ठेवलेली वस्तू नाही, हे मला फार आवडलं.

पण हे घर इतकी शतकं तुकडे न होता टिकलं कसं? तर नियम साधा आणि जरा निर्दय. वारस एकच. मुलगा असो की मुलगी, थोरलाच हवा असंही नाही, आईवडील निवडणार आणि लग्नाच्या वेळी करार करून घर-जमीन-गुरं सगळं त्याच्या किंवा तिच्या नावावर. बाकीच्या भावंडांनी थोडंफार घेऊन वाट धरायची, कोणी पाद्री, कोणी खलाशी, कोणी पार नेवाडा-आयडाहोमध्ये मेंढपाळ. आणि ओळख घराची, आडनावं बहुतेक घरांचीच नावं. आपल्याकडे गोव्यात ज्यांचं शव दर्शनाला ठेवतात ते फ्रान्सिस झेवियरसुद्धा याच मुलखातले, शेजारच्या नाव्हारात १५०६ मध्ये जन्मलेले, घरातलं शेंडेफळ, आणि झेवियर हे त्यांच्या वाड्याचं नाव. (ते वाड्यातले होते, शेतकरी नव्हे, एवढा फरक आहे.)

मेल्यावरपण घर सुटत नाही. चर्चच्या आत जमिनीवर प्रत्येक घराची ठरलेली जागा असायची, खाली त्या घराची माणसं पुरलेली, घर विकलं तर ती जागापण नव्या मालकाकडे जायची. चर्चच्या आत पुरणं पुढे बंद झालं तरी जागा मोडली नाही. तिथं घरच्या बाईने बसायचं आणि कोरीव लाकडी फळीला गुंडाळलेली मेणाची लांब वात पेटवायची, तिला आर्गिसायोला म्हणतात. आणि मेण देणाऱ्या माश्यांना विसरायचं नाही. घरधनी गेला की कोणीतरी पोळ्यांपाशी जाऊन सांगायचं, मालक गेले, आता जास्त मेण करा, दिव्याला लागेल. गुरांनाही कळवायचे. आधी हसू आलं मला, मग विचार केला, घरात जेवढे राबतात त्या सगळ्यांना कळवलं, यात वेडं काय आहे?

एस्किओचं नाव जगात गाजलं ते मात्र भलत्याच कारणाने. १९३१ चा उन्हाळा, एप्रिलमध्ये स्पेनचा राजा देश सोडून गेलेला, प्रजासत्ताक आलेलं, चर्चवाले धास्तावलेले. २९ जूनला इथल्या दोन लहान भावंडांनी सांगितलं की टेकडीवर मेरीमाता दिसली. झालं. त्या उन्हाळ्यात रात्री हजारोंनी माणसं या उतारावर, मग आणखी कितीतरी जणांना दर्शन व्हायला लागलं. चर्चच्या वरिष्ठांना हे पटलं नाही, सरकारला यात राजकारण दिसलं आणि १९३४ मध्ये व्हॅटिकनने यात दैवी काही नाही असं जाहीर करून टाकलं. गावकऱ्यांना मध्ये धरून दोन्हीकडून ओढाताण झाली, असं माझं मत.

आज पोट कशावर, तर शेतीवर एकट्या नाही. खाली खोऱ्यात बेआसाइनला रेल्वेचे डबे बनवणारा मोठा कारखाना आहे, असल्या कारखान्यांत शिफ्ट करायची आणि सकाळ-संध्याकाळ गुरं बघायची, हे इथल्या कितीतरी बासेरींनी केलंय. लाचा जातीच्या मेंढ्यांचं इदियासाबाल चीज आहे, चुलीच्या धुरात राहून धुरकट चव आलेलं, आता मुद्दाम धुरी देतात, त्याला १९८७ पासून कायद्याचं संरक्षण. ते घ्यायचं तर जवळच्या ओर्दिसियाला बुधवारी जायचं, १५१२ च्या शाही परवानगीपासूनचा तिथला आठवडी बाजार. नुसतं बघायला गेलात तरी पिशवी भरून येते.

आणि डोंगराच्या पोटातून हायस्पीड रेल्वेचं काम आलंय, बोगदे, उंच खांब, गावाच्या मागून-पुढून. कोणी खूश आहे, कोणी वैतागलेलं.

वारसाच्या रिवाजाला गिपुस्कोआत कायद्यात नीट जागा मिळाली ती १९९९ मध्ये, तोवर लोक नोटरीकडे जाऊन कागद जुळवून आपलं जमवत होते. आता कायदा आहे, बासेरी न तोडता एकाच पोराला देता येते. फक्त पूर्वी भांडण असायचं की कोणाला द्यायची, आता बऱ्याच घरांत प्रश्न पडतो की घेणार कोण, कारण दूध काढायला रविवारीही पहाटे उठावं लागतं.