डावीकडे घर, उजवीकडे पॅकहाउस

[दृश्य: दिंडोरी रस्ता, संध्याकाळ. क्रेटनी भरलेला ट्रॅक्टर बागेतून बाहेर पडतो.]

फेब्रुवारी २०२२. नाशिकच्या या पट्ट्यात द्राक्षतोडणीची धांदल आहे. तरीही एका बागायतदाराच्या पॅकहाउसमध्ये काम आटोपल्यावर वजनकाटा बाजूला सरकतो आणि टेबलावर रेकॉर्ड प्लेअर येतो. जमलेली मंडळी साठीच्या आसपासची. एक निवृत्त बँकवाले, कॉलेज रोडचे एक डेंटिस्ट, ओझरच्या विमान कारखान्यात उभी नोकरी काढलेले दोघे. निमित्त आहे कॅनडाचा गायक-गिटारवादक नील यंग याच्या 'हार्वेस्ट' या अल्बमची पन्नाशी.

रेकॉर्डच का? कारण मोबाइलवरची सोय नुकतीच गेली होती. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवरच्या एका पॉडकास्टमधून कोविड लशींबद्दल चुकीची माहिती पसरतेय, म्हणून जानेवारीत यंगनं आपली गाणी तिथून उतरवून घेतली. ऐन पन्नाशीच्या तोंडावर! १९५१ साली, लहानपणी, त्याला स्वतःला पोलिओ झाला होता. लशीची टिंगल त्याला झोंबली असेल तर नवल नाही.

[दृश्य: फिरती तबकडी, सुई टेकते.]

या तबकडीत तीन-चार जागांचे आवाज आहेत. १९७१च्या फेब्रुवारीत यंग गायक जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमासाठी अमेरिकेतल्या नॅशव्हिलला गेला आणि तिथल्या स्टुडिओत रेकॉर्डिंगलाही बसला. पाठीच्या दुखण्यानं बेजार होता, जड इलेक्ट्रिक गिटार पेलवेना. म्हणून हाती अकूस्टिक घेतली. 'हार्ट ऑफ गोल्ड' या गाण्याचा तो मऊपणा काही अंशी त्या पाठीची देणगी आहे. त्यात मागून साथ देणारे आवाज लिंडा रॉनस्टॅट आणि जेम्स टेलर या गायकांचे. लंडनला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत दोन गाणी झाली. ती मला आजही जरा जास्त नटलेली वाटतात. डेंटिस्ट महाशयांना हे अजिबात मान्य नाही.

पुढे पाठीचं ऑपरेशन झालं, इलेक्ट्रिक गिटार परत हातात आली, आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवरच्या कोठारात त्यानं 'अलाबामा', 'वर्ड्स' वाजवलं.

त्या कोठाराचा एक किस्सा यंगचा साथीदार गायक ग्रॅहम नॅश सांगतो. यंगनं त्याला होडीत घालून तळ्याच्या मध्यावर नेलं. काठावरचं घर म्हणजे डावा स्पीकर, कोठार म्हणजे उजवा. आवाज कसा आहे, असं काठावरून विचारल्यावर यंग ओरडला, "अजून कोठार!"

[दृश्य: शेततळं, बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या.]

आता हे ऐकल्यावर आमची मंडळी गप्प बसतात होय! डावा स्पीकर घराच्या ओट्यावर, उजवा पॅकहाउसच्या दारात. वायर पुरेना, तेव्हा मोटरची जुनी केबल जोडली. होडीचा विषय मात्र कोणी काढला नाही. शेततळ्याच्या अस्तरावरून पाय घसरला तर माणसाला वर चढता येत नाही, हे इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. सगळे बांधावर बसले.

आणि 'वर्ड्स' सुरू झालं. ड्रमच्या ठोक्याला पॅकहाउसचे पत्रे थरथरले, बांधापर्यंत येताना गिटार थोडी विस्कटली. जाणकार म्हणतील, हे काय ऐकणं झालं? पण पत्र्याच्या त्या खणखणाटातच कोठारातलं गाणं पहिल्यांदा नीट उमगलं. बँकवाले उठून ओरडले, "पॅकहाउस वाढव रे!"

ओट्यावरून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, घर कमी करा आधी! पोरं झोपलीत."

[दृश्य: पेटी उघडली जाते. आतल्या तबकड्या.]

रेकॉर्ड कंपनीची पन्नाशीची आवृत्ती आली डिसेंबरात. तेव्हा वगळलेली तीन गाणी, बीबीसीसाठी १९७१ साली केलेला एकट्याचा कार्यक्रम आणि 'हार्वेस्ट टाइम' ही फिल्म. जादा गाणी ठीक आहेत. बीबीसीचा कार्यक्रम मात्र सोडू नये असा. आणि फिल्ममध्ये ते कोठार, ते वाजवणं चक्क डोळ्यांनी दिसतं. ओझरवाल्यांपैकी एकानं ती लागोपाठ दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा फक्त केबल कुठून नेलीय ते शोधायला.