वेबसाइट करून घेताय? मग आत काय काय असतं ते बघून घ्या

नमस्कार मंडळी. इथे वाचनालयवाले आहेत, बचत गटाच्या ताई आहेत, नाट्यमंडळाची पोरं आहेत. सगळ्यांची अडचण साधारण एकच, की वेबसाइट करून देणारा एक रक्कम सांगतो, आपण देतो, पण त्या पैशात नेमकं काय आलं हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आज सगळं सुटं करून बघू.

पहिलं डोमेन, म्हणजे नाव. हे कायमचं विकत मिळत नाही बरं का, ठरावीक वर्षांसाठी मिळतं आणि मुदत संपायच्या आत रिन्यू करावं लागतं. नावाच्या शेवटी येतं त्या डॉट इनचा कारभार निक्सी ही संस्था बघते, आणि २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं, त्यात मराठी आणि कोंकणी दोन्ही चालतात. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, नाव संस्थेच्याच नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदवा. करून देणाऱ्याच्या नावावर राहिलं आणि उद्या तो फोन उचलेना झाला तर आपलंच नाव आपल्या हातात राहत नाही.

दुसरं होस्टिंग. म्हणजे चोवीस तास चालू असलेला कुठला तरी कॉम्प्युटर, त्याला सर्व्हर म्हणायचं, आपल्या फाइली त्याच्यावर असतात. आता नाव एकीकडे नि फाइली दुसरीकडे, मग जोडतं कोण? तर डीएनएस, १९८३ सालची व्यवस्था आहे ही. तुम्ही पत्ता टाकलात की ब्राउझर आधी त्या नावाचा आकड्यांतला पत्ता विचारून घेतो आणि मग त्या सर्व्हरकडे पान मागतो. होस्टिंग बदललं की काही तास कुणाला जुनी साइट दिसते कुणाला नवी, ते यामुळेच, जुना पत्ता मधे मधे साठवलेला असतो, घाबरायचं काही नाही.

तिसरं म्हणजे खुद्द पान. कॉम्प्युटरवर कुठलीही साइट उघडा आणि कंट्रोल धरून यू दाबा, जे दिसेल ते एचटीएमएल. हा मथळा, हा परिच्छेद, ही लिंक, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. जिनिव्हाजवळ सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी केलेली पहिली साइट १९९१ मध्ये जगासमोर आली, तीत नुसता मजकूर आणि लिंका होत्या, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने हे तंत्र सगळ्यांना फुकट खुलं केलं. म्हणून तर आपल्याला आज ते वापरता येतं! रंग, अक्षरांचा आकार, मोबाइलवर पान कसं बसावं, हे सीएसएस ठरवतं. बटण दाबल्यावर मेनू उघडणं, फॉर्ममध्ये चुकीचा नंबर टाकला की लगेच सांगणं, असली कामं जावास्क्रिप्टची.

आता मला जे खरं बोलायचंय ते. आपल्याकडे कार्यक्रमाचं पोस्टर बनवतात आणि तोच फोटो साइटवर डकवतात, वेळ, ठिकाण, वर्गणी सगळं त्या फोटोत. मग गुगलवर शोधणाऱ्याला ते सापडणं कठीण, अंध माणसाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तिथे अडतो, आणि आजोबा अक्षर मोठं करायला गेले की सगळं धूसर. असं नका करू. पोस्टर खुशाल लावा पण खाली तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप करतो तसा, टाइप करा, आणि पूर्वीसारखा एखाद्या खास फॉन्टमध्ये नको, तो फॉन्ट नसला की समोरच्याला नुसता कचरा दिसायचा, आठवतंय ना. युनिकोडचाच फॉन्ट हवा तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट फुकट आहे, छान वाचता येतो.

आणि पानाच्या एचटीएमएलमध्ये अगदी वरच्या ओळींत लँग (lang) नावाची नोंद असते, तिथे एमआर (mr), म्हणजे मराठी, लिहिलेलं हवं. त्यावरून स्क्रीन रीडरला कळतं की मराठी आवाज लावायचा, आणि काही फॉन्ट तर तेवढ्यावरून आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात, हिंदी वळणाचे नाही.

राहिलं एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण मधे कुणाला वाचता येऊ नये याची सोय. त्याचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर कशाचे ते विचारा. पण त्याने फक्त मधला प्रवास सुरक्षित होतो, साइटवाला खरा की खोटा हे त्यावरून कळत नाही.

चला, मागच्या टेबलावर कॉम्प्युटर लावलेत, आपापल्या संस्थेची साइट उघडा, कंट्रोल यू दाबा आणि लँगपुढे काय लिहिलंय ते बघा, ईएन (en), म्हणजे इंग्रजी, दिसलं तर मला बोलवा.