साठ टक्के, पण कुणाचे?

नमस्कार श्रोतेहो.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या खोलीत, बाईमाणूस आलं की आमच्या सिस्टरचं पहिलं काम असतं बांगड्यांचं. अँजिओग्राफी हल्ली बहुतेक वेळा उजव्या मनगटातून होते, आणि नेमक्या तिथेच डझनभर काचेच्या बांगड्या भरलेल्या असतात. "बाप्पा, धनी बाहेर बसून हाये आन् तुम्ही बांगड्या काढाले सांगता?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. मग मंगळसूत्र. ते कॅमेऱ्याच्या आड येतं, म्हणून रुमालात बांधून नवऱ्याच्या हाती जातं. पुरुषाचं काय, अंगठी काढली की झालं.

बायका-पुरुषांतला फरक असा दारातच सुरू होतो. बाईच्या मनगटातली धमनी बारीक असते, तपासणीची नळी सरकवताना ती आखडते, नंतर रक्तस्राव होण्याचा धोकाही तिला जास्त. पण आज मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल, हृदयाच्या रक्तवाहिनीतल्या ब्लॉकेजच्या टक्क्यांबद्दल.

नागपुरात धंतोलीत किंवा रामदासपेठेत कोणत्याही हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभे राहा. "किती टक्के निघालं?" "साठ." "आमच्या बाबांचं सत्तर होतं, दोन टाकले." दहावीच्या निकालासारखे टक्के. हे टक्के येतात कुठून, तर पडद्यावर दिसणाऱ्या रक्तवाहिनीच्या सावलीतून. डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडतो, एक्स-रेवर सावली पडते, आणि डॉक्टर नजरेनं अंदाज बांधतो की नळी इथं एवढी चिंचोळी झालीय. नजर अनुभवी असते, मान्य. तरी ती नजरच. आणि सावली सांगते नळीची रुंदी. त्यातून पलीकडच्या स्नायूला रक्त पुरतं की नाही, हे ती सांगत नाही.

आता आपल्या नळाचंच पाहा. नागपूरला पाणी येतं पेंचचं, नवेगाव खैरीच्या धरणातून. समजा एका गल्लीत दोन घरं आहेत. दोघांच्या पाइपात एकाच जागी सारखाच क्षार साचलाय. एकाच्या अंगणात मोठी बाग, दुसऱ्याकडे फक्त तुळशीवृंदावन. सगळ्या तोट्या एकदम सोडल्या की बागवाल्याच्या पाइपातून भरपूर पाणी ओढलं जातं, त्या चिंचोळ्या जागेपुढं दाब कमी होतो, शेवटच्या तोटीला धार उरत नाही. तुळशीवाल्याला काही फरक पडत नाही; त्याला लागतंच तेवढं.

हृदयातही असंच मोजता येतं. केसासारखी बारीक तार असते, तिच्या टोकाजवळ दाब मोजणारा सेन्सर. ती ब्लॉकेजच्या पलीकडे न्यायची, ॲडेनोसिन नावाचं औषध देऊन रक्तप्रवाह जास्तीत जास्त वाढवायचा, म्हणजे सगळ्या तोट्या सोडायच्या, आणि ब्लॉकेजच्या पलीकडचा दाब भागिले अलीकडचा दाब करायचं. अलीकडे 100 आणि पलीकडे 80 असेल तर उत्तर 0.80. याला आम्ही एफएफआर म्हणतो. 0.80 किंवा त्याखाली आलं तर ब्लॉकेज खरोखर रक्त अडवतंय, स्टेंटचा, म्हणजे नळी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीचा, विचार करायचा. त्यावर असेल तर बहुतेक वेळा औषधांवर भागतं. औषध चालू असताना मिनिट-दोन मिनिटं छातीत जड वाटतं, चेहरा गरम होतो. आधी सांगून ठेवलं की पेशंट घाबरत नाही. सांगायचं राहिलं तर टेबलावर उठून बसायला बघतो. ॲडेनोसिनशिवाय मोजायच्या पद्धतीही आता आल्या आहेत.

या तारेची मोठी परीक्षा झाली 'फेम' नावाच्या अभ्यासात, 2009 साली. 1005 रुग्ण, युरोप आणि अमेरिकेतले. निम्म्यांना नजरेच्या अंदाजावर स्टेंट, निम्म्यांना तारेनं मोजून. वर्षभरात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रक्रिया करायची वेळ, यांतलं काहीतरी घडलं ते नजरेवाल्या गटात 18.3 टक्के लोकांना, मोजलेल्या गटात 13.2 टक्के. आणि स्टेंट कमी लागले ते वेगळंच.

त्या 1005 जणांत बायका होत्या 261. नंतर त्यांचे आकडे पुरुषांपासून वेगळे काढून पाहिले, तेव्हा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट दिसली. सावलीत 50 ते 70 टक्के दिसणारी ब्लॉकेजेस घ्या. पुरुषांत त्यांतली 39.5 टक्के खरोखर रक्त अडवणारी निघाली. बायकांत फक्त 21.1 टक्के. म्हणजे बाईच्या पाचांतल्या जवळजवळ चार 'मध्यम' ब्लॉकेजना स्टेंटची गरजच नव्हती. 70 ते 90 टक्क्यांतही फरक होता, पण कमी: पुरुषांत 82 आणि बायकांत 71.9. आणि मोजून उपचार केल्याचा फायदा मात्र दोघांना सारखाच झाला.

म्हणून "साठ टक्के" ऐकलं की मी विचारते, कुणाचे? काकांचे साठ आणि काकूंचे साठ एकच नव्हेत. काकूंचं हृदय आकारानं लहान, त्या नळीवर पोसणारा स्नायू कमी. तुळशीवृंदावन.

यात पैशाचाही भाग आहे. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, औषधवाला स्टेंट 30 हजारांच्या आसपास आला. चांगलंच झालं. पण तेव्हापासून "स्वस्त झालाय ना, मग टाकून द्या" असं म्हणणारे मुलगे-जावईही वाढलेत. स्टेंट टाकला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात, आणि रक्तस्रावाचा धोका मुळात बाईलाच जास्त. नको असलेला स्टेंट तिला नवऱ्यापेक्षा महाग पडतो, तो असा.

काटोलकडच्या एक बाई आल्या होत्या, घरची संत्र्याची बाग. नाव-गाव इथं थोडं इकडचं तिकडे केलंय. रामटेकचा गड चढताना छाती भरून आली. अँजिओग्राफीत दोन जागी ब्लॉकेज, साठ आणि पासष्ट. मुलगा म्हणाला, "मॅडम, दोन्ही करून टाका, पुन्हा चक्कर नको." तारेनं मोजलं: एक 0.88, एक 0.76. एकच स्टेंट टाकला. तो टाकतानाही नळीच्या आत बारीक सोनोग्राफीची नळी घालून माप घेतलं. बायकांच्या नळ्या बारीक, नजरेनं अडीच मिलिमीटर वाटतं आणि आतून तीन निघतं. स्टेंट तोकडा पडला तर तो भिंतीला नीट चिकटत नाही आणि पुढं त्रास देतो. कोरियातल्या एका अभ्यासात, 2023 साली, अवघड अँजिओप्लास्टीच्या, म्हणजे चिंचोळी नळी आतून रुंद करायच्या प्रक्रियेच्या, 1639 रुग्णांत असं आतून बघून केलेल्यांपैकी 7.7 टक्के लोकांना नंतर गंभीर अडचण आली. नुसत्या अँजिओग्राफीवर केलेल्यांत 12.3 टक्के. त्या अभ्यासातही बायका साधारण पाचांत एकच. 1977 साली झुरिकमध्ये जगातली पहिली अँजिओप्लास्टी झाली तो पेशंट 38 वर्षांचा पुरुष होता. तेव्हापासून आमचा हिशेब पुरुषाच्या मापाचा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. हार्ट अटॅक चालू असताना हे मोजमाप करत बसायचं नसतं. बंद झालेली नळी लवकरात लवकर उघडायची. छातीत दाबल्यासारखं होणं हे बायकांतही मुख्य लक्षण आहेच. सोबत जबडा, पाठ, दम, मळमळ, दरदरून घाम हे त्यांच्यात जास्त दिसतं. अशा वेळी गॅस समजून ओवा चावत बसू नका, 108 ला फोन लावा.

आता गोष्टीची दुसरी बाजू. ती कळायला मला उशीर झाला.

पुन्हा त्या नळाकडे या. समजा शेवटच्या तोट्याच गंजल्या आहेत, पूर्ण उघडतच नाहीत. पाणी वाहतच नाही, त्यामुळे पाइपातला दाबही कमी होत नाही. गेजवर आकडा उत्तम, आणि तुळस सुकलेली. हृदयातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या, ज्या अँजिओग्राफीत दिसतही नाहीत, त्या नीट उघडत नसतील तर हेच होतं. एफएफआर चांगला येतो, मोठी नळी स्वच्छ दिसते, आणि बाई म्हणत राहते, दुखतंय. हा आजार बायकांत जास्त आढळतो. त्यांचा एफएफआर चढा येण्यामागं लहान हृदयाबरोबर हेही एक कारण आहे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत इतवारीतल्या एक बाई तीनदा आल्या. पन्नाशी ओलांडलेली, डायबिटीस. अँजिओग्राफी साफ. तिन्ही वेळा मीच त्यांना सांगितलं, "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका." पित्ताची गोळी लिहून दिली. घरी काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं नाही. डॉक्टरच म्हणते काही नाही, म्हणजे नाटक.

ते मोजायची सोयही आहे. तशीच तार, जरा वेगळी. शरीरापेक्षा गार सलाइन सोडून रक्त किती वेगानं पोहोचतं ते बघायचं, म्हणजे सूक्ष्म वाहिन्यांचा अडथळा कळतो. स्कॉटलंडमध्ये 2018 साली अशा 151 रुग्णांवर अभ्यास झाला, मोठ्या नळीत ब्लॉकेज नसलेले, छाती मात्र दुखणारे. चारांत जवळजवळ तीन बायका. मोजून, नेमकं कारण शोधून औषध दिलं, त्यांची सहा महिन्यांत छातीदुखी कमी झाली, जगणं सोपं झालं. स्टेंट नाही, ऑपरेशन नाही, नेमकी गोळी.

ही तपासणी आपल्याकडे सरसकट होत नाही. तार एकदाच वापरायची, खर्च वेगळा लागतो. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते, पण तुमच्या बाबतीत तारेचा खर्च त्यात बसतो का, हे टेबलावर झोपण्याआधी विचारून घ्या. मध्यम ब्लॉकेज निघालं, तर मोजलंय का आणि आकडा किती, हे रिपोर्टवर लिहून मागा. विचारलं म्हणून राग येणारा डॉक्टर विरळा. आणि आला राग, तर येऊ द्या.

त्या इतवारीच्या बाई काही वर्षांनी पुन्हा आल्या. या वेळी मोजलं. मोठ्या नळीचा एफएफआर 0.92, सुरेख. सूक्ष्म वाहिन्यांचा आकडा खराब. औषधं बदलली. मी समजावून सांगत होते, त्यांचं लक्षच नव्हतं. मध्येच म्हणाल्या, "डॉक्टरबाई, ते इंग्रजीतलं राहू द्या. मले मराठीत एका कागदावर लिहून द्या, का दुखनं खरं हाये."

मी लेटरहेडवर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्यांनी तो कागद घडी करून, मंगळसूत्र बांधलेल्या त्याच रुमालात ठेवला.