अर्जात न लिहिलेलं

(दृश्य: मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहत, वडोदरा. सकाळची पाळी.)

सातच्या पाळीला कोण कसा आत येतो, याकडे काकांचं बरोबर लक्ष असतं. दांडिया बाजारातून स्कूटरवर येणारे हे मशीनशॉपचे सुपरवायझर. मराठी असोत की गुजराती, सगळ्यांचे ते काकाच.

गेल्या पावसाळ्यात एका लेथवरचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावरचं, रिजेक्शन अचानक वाढलं; नापास माल वाढला. हात चांगला असलेला माणूस मापं चुकवायला लागला. अशा वेळी आधी मेमो, मग पगाराला कात्री, हा ठरलेला रस्ता. काकांनी त्याला बाजूला घेतलं.

"आठवडाभर तपासणीच्या टेबलावर बस. पगाराला हात लागणार नाही."

कारण विचारलं नाही.

(दृश्य: माप घ्यायचं व्हर्नियर धरलेले हात, तयार सुट्या भागांची रांग.)

काका याला धंद्याचं शहाणपण म्हणतात. रात्र जागून आलेल्या माणसाची बाही लेथच्या फिरत्या पकडीत, चकमध्ये, अडकायला कितीसा वेळ लागतो? घरी काय चाललं होतं, ते त्या कारागिराने पुढे आपणहून त्यांना सांगितलं. आम्ही विचारलं, तर काका म्हणाले, "ते त्याचं आहे." आम्हीही विषय सोडला.

(दृश्य: रजेच्या अर्जांचा गठ्ठा.)

या गठ्ठ्यात बारा महिने 'व्हायरल ताप' आणि 'गावी काम' यांचीच साथ. पॅकिंगमधल्या एका ताईंनीही तापच लिहिला होता. खरं तर त्यांचा गर्भ पडला होता. चेहरा न दाखवण्याच्या अटीवर त्या आमच्याशी बोलल्या. गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. पण पुरावा द्यावा लागतो आणि तो कागद ऑफिसात चार हातांतून फिरतो. त्यापेक्षा ताप बरा! आता इथे असे कागद बंद पाकिटात थेट एकाच मॅडमकडे जातात.

(दृश्य: कॅन्टीनसमोरचा नोटीस बोर्ड.)

टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६. तिचं पोस्टर आधी या बोर्डावर होतं. पण सगळ्यांदेखत उभं राहून तो नंबर उतरवून कोण घेणार? काकांनी पोस्टर काढलं आणि संडासाच्या दाराला आतून चिकटवलं. मालकांना ते काही बरं दिसेना. आता मागे नवी शेड उभी राहतेय. तिथल्या दारांसाठी पोस्टरं मात्र त्यांनी स्वतःच मागवली आहेत.