डीएसएलआर घेऊ की पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा? खान्देशातल्यांनी घ्यायच्या आधी हे बघा

राम राम मंडळी, बरं शे ना सगळं?

आज टेबलावर दोन कॅमेरे आहेत. हा डावीकडचा दणकट, निकॉनचा डी७५००, डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा. आणि हा उजवीकडे, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, ऑलिम्पस टफ टीजी-६, जो पाण्यात घेऊन उतरता येतो. पोरं मला सारखी विचारतात की भाऊ पैसे एकाचेच आहेत, कोणता घेऊ? आणि बहुतेकांना वाटतं की मी आता मेगापिक्सेल काढून बसणार, एकाचे २०.९ आणि दुसऱ्याचे १२, झालं, मोठा आकडा जिंकला. तसं नाहीये ते.

फोटो कुणाचा चांगला येतो हा प्रश्नच नाही, डीएसएलआरचाच येतो, त्यात वादच नको. तुम्ही एवढंच विचारा की तुमच्या आणि तुम्हाला हव्या त्या फोटोच्या मधे काय आडवं येतंय? अंतर आणि अंधार येत असेल तर डावीकडचा. पाणी, चिखल, रंग, धुरळा येत असेल तर उजवीकडचा. आणि यातलं काहीच आडवं येत नसेल, म्हणजे घरचे फोटो, गाडीवर फिरायला गेलो, हॉटेलात शेवभाजीचा फोटो, तर खिशातला फोन वापरा भो, दोन्ही घेऊ नका. खरं सांगतो, भर उन्हात या टीजीने काढलेला फोटो आणि बऱ्यापैकी फोनने काढलेला फोटो शेजारी ठेवले तर मला फोनचाच आवडतो.

आता मोठ्याचं बघू. याच्या आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, साधारण २३.५ बाय १५.७ मिलिमीटर, आणि या छोट्याचा ६.२ बाय ४.६ च्या आसपास. क्षेत्रफळ काढा, जवळजवळ १३ पट फरक आहे. उजेड भरपूर असला की हा फरक फारसा जाणवत नाही, उजेड गेला की मग कळतं. काठीची राजवाडी होळी बघितलीय ना, अक्कलकुव्याकडची? रात्रभर ढोल, अंगावर नक्षी काढून नाचणारे बुध्ये, कमरेला भोपळे, आणि होळी पेटते पार पहाटे. तिथे उजेड म्हणजे काय तर असेल तो दिवा आणि नंतर जाळ. त्यात नाचणारा माणूस थिजवायचा तर शटर सेकंदाच्या २५० व्या भागाच्या आसपास तरी लागतं, म्हणजे आयएसओ, कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, ३२००, ६४०० असा चढवावा लागतो. डीएसएलआर तिथे थोडा दाणा, म्हणजे फोटोत खरखर, दाखवेल पण चेहऱ्यावरची नक्षी राहील. छोट्या सेन्सरवर तीच नक्षी पुसल्यासारखी होते, कारण कॅमेरा दाणा घालवायच्या नादात बारकावाही पुसून टाकतो.

आणि अंतर. आपल्याकडे वनपिंगळा आहे, माहीत नसेल तर माहीत करून घ्या, अख्ख्या जगातले पक्षीवाले त्याच्यासाठी आपल्या सातपुड्यात येतात. हा पक्षी १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता, संपला असंच धरलं होतं लोकांनी, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात तो परत सापडला कुठे, तर आपल्या शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला. म्हणजे ११३ वर्षांनी. उंची किती, तर २३ सेंटीमीटरच्या आसपास, वीतभर. दिवसा फिरतो म्हणून उजेड मिळतो ही आपल्या नशिबाची गोष्ट, पण तो सागाच्या शेंड्याला बसणार आणि तुम्ही खाली. त्याच्या जवळ जायचंही नाही बरं का, तो आधीच अडचणीत असलेला पक्षी आहे, घरट्याजवळ तर अजिबात नाही. मग लांबूनच काढायचा, आणि या छोट्याचा झूम किती, तर ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात २५ ते १०० मिलिमीटर, संपलं; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं. डी७५०० ला २००-५०० ची लेन्स लावली की तिचा हिशोब त्याच मापात ७५० पर्यंत जातो. हतनूर धरणावर थंडीत बदकं येतात तिथेही हेच, काठावरून छोट्या कॅमेऱ्यात नुसते ठिपके येतील.

पण इथेच लोकांचा हिशोब चुकतो. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेतली म्हणजे डीएसएलआर घेतला असं नाही. बॉक्समधली १८-५५ ची लेन्स लावून हतनूरला गेलात तर तिथेही ठिपकेच येणार, ते जरा स्वच्छ ठिपके येतील एवढंच. ती २००-५०० एकटी २३०० ग्रॅमची आहे, बॉडी बॅटरीसकट ७२०, म्हणजे तीन किलो झालं, आणि ते घेऊन तोरणमाळला सीताखाईकडे चढउतार करायची. जमत असेल तर घ्या. घरी कपाटात राहणार असेल तर तीन किलोचा कॅमेरा काय आणि तीस ग्रॅमचा काय.

आता छोट्याकडे येऊ. आणि याची गंमत अशी की ज्या कामासाठी लोक हा घेतात ते काम आपल्याकडे होतच नाही, आणि ज्यासाठी घ्यायला पाहिजे ते कुणी सांगत नाही.

पावसाळ्यात तापी, गिरणा, पांझरा कशा असतात ते मी काय सांगू, चहा वाहतो नुसता. त्या पाण्यात कॅमेरा बुडवला तर फोटोत तपकिरी रंग येईल, बाकी काही नाही. आणि पुरात उतरायचंही नाही, कॅमेरा वाचेल, तुम्ही नाही वाचणार. स्वच्छ पाणी बघायचं तर दिवाळीनंतर सातपुड्यातले झरे, आणि सगळ्यात भारी म्हणजे आपली विहीर. पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात, मोठी पोरं कठड्यावरून सूर मारतात, तेव्हा पाण्याच्या आतून वर बघून काढलेला फोटो, वरून पडणारा उन्हाचा पट्टा, पाय मारणारं पोर आणि बुडबुडे, हा फोटो त्या तीन किलोवाल्याने कधीच निघणार नाही.

फक्त विहिरीत एक लक्षात ठेवा. याची हद्द १५ मीटर, म्हणजे ४९ फूट. आपल्याकडे साठ-सत्तर फुटांच्या विहिरी काय कमी आहेत का? आणि हा कॅमेरा तरंगत नाही, दगडासारखा तळाला जातो. हातातून सुटला तर आधी हद्द ओलांडेल आणि मग काढायला कोण जाणार? म्हणून तरंगणारा पट्टा घ्या, फोमचा असतो, स्वस्तात मिळतो, आणि तो हाताला बांधून मगच पाण्यात. कॅमेरा हातात धरून सूरही मारू नका, ती १५ मीटरची गोष्ट शांतपणे बुडवायची आहे, पाण्यावर आपटायची नाही. तसंच शेतात मोटारीच्या पाइपाखाली धरून धुवायचं तर नाहीच, बुडण्याची चाचणी वेगळी आणि जोराच्या धारेची वेगळी.

आता जरा जवळ या. हे झाकण दिसतंय? याच्या खाली बॅटरी आणि कार्ड. उघडतो. हे बघा, या काठाने ही बारीक रबरी पट्टी फिरलीय, सुतळीएवढीसुद्धा जाड नाही. अख्खं वॉटरप्रूफ म्हणजे ही पट्टी आणि दुसऱ्या झाकणाची तशीच एक. हिच्यावर रेतीचा एक कण, डोक्याचा एक केस, आणि आपल्या भागात काय तर कपाशीचा एक तंतू आडवा पडला की तिथून पाणी आत. तंतू पांढरा असतो, पट्टी काळी, म्हणून उजेडात तिरका धरून बघायचा, असा. मऊ कापडाने पुसायचं, मग झाकण लावायचं, मग हे लॉक फिरवायचं. हे सगळं घरी करायचं, विहिरीच्या कठड्यावर ओल्या हाताने झाकण उघडायचं नाही, बॅटरी संपली असली तरी. आणि ही पट्टी कायमची नसते, कंपनी स्वतःच सांगते की वर्षाला बदलून घ्या. जुना घेणार असाल तर आधी हेच विचारा की शेवटची कधी बदलली.

पाणी झालं, ऊन राहिलं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव, भुसावळ पंचेचाळिशी गाठतं, आणि या दोन्ही कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रात वापरायचं तापमान ४० पर्यंतच दिलंय. म्हणजे लगेच फुटेल असं नाही, पण काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, कुठलाच. छोट्याचं आणखी एक, तापलेला कॅमेरा तसाच गार पाण्यात घातला की आतल्या हवेतली वाफ काचेवर धरते. टीजी-६ ला त्यासाठी पुढची काच दुहेरी दिलीय, तरी अर्धा तास सावलीत ठेवून मग उतरा. आणि चोपड्याच्या उनपदेवला गरम पाण्याच्या झऱ्यात हा घालून बघू का असं कुणाच्या मनात आलं असेल तर नको, वॉटरप्रूफ म्हणजे गरम पाण्यात चालेल असं नसतं.

मग घ्यावा कशासाठी? धुळवडीला घ्यावा. कांदे काढताना, मळणीच्या धुरळ्यात, पोळ्याला बैल धुताना, कानबाईच्या विसर्जनाला गुडघाभर पाण्यात उभं राहून घ्यावा. धुळीसाठी याला आयपी६एक्स आहे, म्हणजे धूळ आत जातच नाही. डी७५०० ला वेदर सीलिंग आहे, पण ते भुरभुर पावसापुरतं, आणि लेन्सही तशीच सील असली तर. आणि त्या धुरळ्यात लेन्स बदललीत तर सेन्सरवर कण बसलाच म्हणून समजा. बसलाय का बघायचं असेल तर लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ/१६ ला, निळ्या आभाळाचा फोटो काढा, मग ते काळे ठिपके मोजत बसा.

आणि एक गोष्ट जी खरं तर मला सगळ्यात जास्त आवडते, मायक्रोस्कोप मोड. हा कॅमेरा लेन्सपासून एक सेंटीमीटरवरच्या वस्तूवर फोकस करतो. कपाशीच्या पानाच्या मागची पांढरी माशी, तुडतुडे, मावा, बोंडात बसलेली गुलाबी अळी, हे असं पान उलटं केलं, कॅमेरा टेकवल्यासारखा नेला, झालं. याला पुढे एक प्लास्टिकची गोल कडी लागते, ती कॅमेऱ्याचाच एलईडी लेन्सभोवती फिरवते, म्हणजे पानावर सावली पडत नाही. ॲग्रीला शिकणाऱ्या पोरांनो, कृषी केंद्र चालवणाऱ्यांनो, तुम्हाला विहीर नसली तरी यासाठी घ्या. डीएसएलआरवर हेच करायचं तर वेगळी मॅक्रो लेन्स, वेगळा उजेड, आणि वाऱ्याने पान हललं की पहिल्यापासून.

बाजाराचं पटकन सांगतो. टीजी-६ २०१९ चा, टीजी-७ २०२३ ला आला, त्याच्यावर ऑलिम्पसऐवजी ओएम सिस्टिम लिहिलेलं असतं, नकली समजू नका, ऑलिम्पसचा कॅमेऱ्याचा धंदाच २०२१ ला वेगळ्या कंपनीत गेलाय. मोठ्यांमध्ये कॅनन आणि निकॉन दोघांचा सगळा जोर आता मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, आहे. म्हणून काय डीएसएलआर वाईट झाला का? उलट स्टुडिओवाली मंडळी मिररलेसकडे गेली तशा चांगल्या बॉड्या सेकंड हँडमध्ये यायला लागल्या. नवाच पाहिजे असेल तर मात्र मी मिररलेस बघा म्हणेन.

सेकंड हँड घेताना शटर काउंट, म्हणजे आत्तापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा, बघा. डी७५०० चं शटर दीड लाखापर्यंत तपासलेलं आहे, डी५०० आणि कॅननच्या सेव्हन डी मार्क टूचं दोन लाखांपर्यंत. लग्नाच्या सीझनमध्ये वापरलेली बॉडी असेल तर आकडा पुढेच गेलेला असतो, मग भाव त्याप्रमाणे पाडा, लाजू नका. लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च लावून आरपार बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसलं तर बुरशी आहे, ती लेन्स स्वस्तातसुद्धा नको.

आता जाता जाता, डीएसएलआरवाल्यांनी पावसात काय करायचं, कारण मनुदेवीचा धबधबा काय उन्हाळ्यात बघायला जाणार नाही कुणी. महागडं रेन कव्हर राहू द्या. रावेर-यावलकडच्या माणसाच्या घरी केळीच्या घडाला घालायची स्कर्टिंग बॅग पडलेलीच असते. फक्त ती कापडासारखी पांढरी असते ती घेऊ नका, तिच्यातून पाणी झिरपतं, प्लास्टिकची घ्या. एका तोंडातून लेन्स बाहेर काढायची आणि लेन्सच्या पुढच्या हुडवर, म्हणजे टोपीसारख्या कडीवर, रबर बँड मारायचा, दुसऱ्या तोंडातून दोन्ही हात आत, आणि व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या जागी बोटभर भोक पाडून तिथला रबरी आयकप वरून दाबून बसवायचा. लेन्सच्या पुढच्या काचेवर थेंब पडतीलच, ते सुती रुमालाने टिपायचे, घासायचे नाहीत. धबधब्याकडून परत आल्यावर पिशवी लगेच काढून कॅमेरा पंख्याखाली ठेवा, कारण आत तुमच्याच हातांचा घाम साठलेला असतो.